क्लायंटने पैसे अडकवलेत. वकील गाठू की सोडून देऊ?

रंधा_आणि_मी | ९ नोव्हेंबर, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. मी पुण्यात फ्लॅटच्या इंटिरिअरची कामं घेतो. मूळचा सुतार, आता हाताखाली सहा-सात माणसं. आजवर इथे फक्त वाचत होतो, पहिल्यांदाच लिहितोय, चूकभूल माफ.

वाकडला एका थ्री बीएचकेचं काम केलं. कोटेशन ११ लाख ८० हजारांचं. काम चालू असताना "हे पण करून टाका, ते पण करून टाका" असं करत २ लाख ४६ हजारांचं एक्स्ट्रा काम झालं. देवघर बदललं, बाल्कनीत बसायचा कट्टा झाला, मुलीच्या खोलीतलं कपाट छतापर्यंत नेलं, किचनमध्ये टॉल युनिट आलं. एकूण १४ लाख २६ हजार. मिळाले ९ लाख ९०. राहिले ४ लाख ३६ हजार.

जुलैमध्ये वास्तुशांत झाली, मी जेवून आलो, साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. त्यानंतर पैशाचं नाव काढलं की "बघतो", "बोनस येऊ दे", "मीटिंगमध्ये आहे". आता फोनच उचलत नाहीत.

विचारायचं एवढंच, की चार लाखांसाठी वकील करणं परवडतं का? वकिलाची फी आणि कोर्टाची वर्षं बघता सोडून द्यावं असं घरचे म्हणतात.

कडक_चहा | ९ नोव्हेंबर, रात्री १०.३१

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. कंत्राटदाराने क्लायंटच्या वास्तुशांतीला जेवू नये. गुलाबजाम घशाखाली गेला की हिशोब बोलायला जीभ वळत नाही.

मोजमाप | ९ नोव्हेंबर, रात्री ११.०५

रंधाशेठ, आधी सांगा, लेखी काय आहे? कोटेशनवर सही आहे का? एक्स्ट्रा कामाचे दर कुठे लिहून दिले होते का? त्यावर बाकी सगळं अवलंबून.

मी क्वांटिटी सर्व्हेअर. बावीस वर्षं बिलं तपासतोय. मूळ कोटेशनच्या पैशावरून भांडण क्वचित होतं. भांडण होतं ते "करून टाका" या दोन शब्दांवरून. सांगणाऱ्याला वाटतं, एवढ्या मोठ्या कामात हे फुकट. करणाऱ्याला वाटतं, याचे वेगळे मिळणार. दोघंही त्या दिवशी गप्प बसतात.

गवंडी_नंबर_एक | १० नोव्हेंबर, सकाळी ७.१२

वकील-बिकील काय नको. मी काय केलं ते ऐका आणि तसं करू नका.

२०१९ साली एका बंगल्याचे ८५ हजार अडकले. डोकं फिरलं. दोन पोरं घेऊन गेलो आणि बसवलेल्या किचन ट्रॉल्या, दोन दरवाजे काढून टेम्पोत घातले. आपलाच माल, आपणच नेला, असं वाटलं. संध्याकाळी पोलीस स्टेशनातून फोन. बाईंनी चोरीची तक्रार दिलेली. आत घुसून नेलं म्हणून वर आणखी कलमं लावायची भाषा. ८५ हजार राहिले बाजूला, ट्रॉल्या परत बसवून दिल्या, त्याही माझ्या खर्चाने, वर हात जोडून माफी. फौजदार म्हणाले, "पैशाचा वाद दिवाणी आहे, पण तू केलंस ते फौजदारी आहे." ते वाक्य पाठ झालंय.

मी_पण_क्लायंट | १० नोव्हेंबर, सकाळी ९.४०

दुसरी बाजूही येऊ द्या. आमच्या कंत्राटदाराने ६० टक्के ऍडव्हान्स घेतला, पीओपी अर्धं करून गायब. गणपतीला गावी गेला तो दिवाळीला उगवला. "लेबर नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवीन. शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. निकाल आमच्या बाजूने लागला, पण मधली दोन वर्षं उघड्या वायरींखाली काढली.

तेव्हा प्रत्येक वेळी "क्लायंट पैसे बुडवतो" हे ऐकलं की मला आधी विचारावंसं वाटतं, क्लायंटचं म्हणणं काय आहे?

गवंडी_नंबर_एक | १० नोव्हेंबर, सकाळी ९.५५

ताई, एक कंत्राटदार पळाला म्हणून सगळे चोर काय? लेबरला शनिवारी हप्ता द्यावा लागतो, तो "बघतो"वर भागत नाही.

मी_पण_क्लायंट | १० नोव्हेंबर, सकाळी १०.०२

मी सगळे चोर म्हटलेलं नाही. प्रश्न विचारलाय. रंधा उत्तर देतील.

बिगारी_ते_मुकादम | १० नोव्हेंबर, दुपारी १.३०

हप्त्यावरून आठवलं. रंधाभाऊ, तुमच्या सुतारांचे किती बाकी आहेत? क्लायंट तुम्हाला "बघतो" म्हणतो, तसं तुम्ही त्यांना म्हणत नाही ना? मी बारा वर्षं त्या टोकाला होतो म्हणून विचारतो, राग नसावा.

रंधा_आणि_मी | १० नोव्हेंबर, रात्री ९.४८

राग नाही. ६२ हजार बाकी होते. दिवाळीआधी सोनं गहाण ठेवून ४० दिले. २२ राहिलेत.

मोजमाप सर, कोटेशन व्हॉट्सअॅपवर पीडीएफ पाठवलं होतं, त्यांनी "ओके, स्टार्ट" लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी २ लाख पाठवले. सही नाही. एक्स्ट्राचं काही लेखी नाही, पण फोटो आहेत, वहिनींचे मेसेज आहेत, "कपाट वरपर्यंतच घ्या, धूळ बसते" वगैरे. सप्टेंबरमध्ये साहेबांचा एक मेसेज आहे, "थोडं थांबा, बाकीचे डिसेंबरात क्लिअर करतो."

आणि एक चेक आहे दीड लाखाचा. २२ ऑगस्टची तारीख. "मी सांगेपर्यंत टाकू नका" म्हणाले होते म्हणून टाकला नाही.

कडक_चहा | १० नोव्हेंबर, रात्री ९.५२

चेक आहे?? आणि हे नवव्या पोस्टीत सांगतोय हा माणूस!

वकीलकाकू | ११ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

रंधा, बाकी सगळं नंतर वाचा. तो चेक या आठवड्यात बँकेत टाका. चेक तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत जावा लागतो. म्हणजे तुमचे जेमतेम दहा दिवस उरलेत. तीन महिने उलटले की तो कागदाचा कपटा.

"सांगेपर्यंत टाकू नका" ही अट तोंडी आहे. काम होऊन चार महिने झालेत आणि नुसत्या मूळ कोटेशनमधलेच १ लाख ९० हजार बाकी आहेत, म्हणजे दीड लाख तर सरळ देणं आहे. वटला तर उत्तम. परत आला तर परक्राम्य संलेख अधिनियमाचं (चेक वगैरेंचा कायदा) कलम १३८. बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस पोचल्यापासून १५ दिवस त्यांना पैसे द्यायला, आणि तेही गेले की पुढच्या एका महिन्यात मॅजिस्ट्रेटकडे तक्रार. या तारखा वहीत लिहा. १३८ ची प्रकरणं मी बहुतेक वेळा तारखांवर हरलेली पाहिली आहेत. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१८ पासून खटला चालू असतानाच २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला कोर्ट सांगू शकतं. बँकेला "पेमेंट थांबवा" सांगून माणूस सुटतो हा गैरसमज आहे.

आता उरलेल्या रकमेचं. सही नाही म्हणून करार नाही, असं नसतं. कोटेशन, त्यावर "ओके, स्टार्ट", वर दोन लाख, हा करारच झाला. एक्स्ट्राचा दर ठरलेला नसला तरी करार अधिनियम १८७२ चं कलम ७० बघा. फुकट करायचा इरादा नसताना तुम्ही कायदेशीरपणे काम केलं आणि समोरच्याने त्याचा उपभोग घेतला, तर त्याने मोबदला द्यायचा. तो मोबदला तुमच्या बिलाइतकाच असेल असं नाही, वाजवी असेल. ते वाजवी किती, हे सिद्ध करायला मोजमापांसारखा माणूस लागतो.

मुदत तीन वर्षांची. पैसे कधी द्यायचे हे ठरलेलं नसेल तर काम पूर्ण झाल्यापासून मोजतात. त्यांनी सही करून देणं कबूल केलं तर मुदत तिथून नव्याने सुरू होते, पण व्हॉट्सअॅपच्या मेसेजने ती वाढलीच असं धरून बसू नका. पुरावा म्हणून मात्र तो मेसेज सोन्यासारखा आहे. त्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यात एक भाग तुम्ही भरायचा, एक तज्ज्ञाने. नुसते स्क्रीनशॉट काढून मूळ फोन विकू नका. हसू नका कोणी, गेल्याच वर्षी एकाने एक्स्चेंज ऑफरमध्ये पुरावा दिला होता.

परवडतं का, याचं उत्तर संध्याकाळी लिहिते. कोर्टात जायचंय.

गवंडी_नंबर_एक | ११ नोव्हेंबर, सकाळी ८.४०

काकू, माझ्या वेळी कुठे होतात तुम्ही!

टीडीएस_मास्तर | ११ नोव्हेंबर, दुपारी १२.१०

सीए म्हणून दोन-तीन गोष्टी. रंधा यांचा क्लायंट घरमालक आहे, पण इथे कंपन्यांची कामं घेणारेही वाचत असतील.

कंपनीने तुमच्या बिलावर १९६१ च्या आयकर कायद्याच्या १९४सी खाली टीडीएस कापला असेल (तुम्ही एकटे मालक असाल तर १ टक्का) तर तुमचं २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या कराचा आयकर खात्याचा उतारा, उघडून बघा. बिल मान्यच नव्हतं असं म्हणणाऱ्याने त्याच बिलावर कर कापून सरकारात भरलेला असतो. त्यापुढे "काम नीट नव्हतं" म्हणणं अवघड जातं. दुसरं, त्यांनी तुमच्या बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिट (स्वतःच्या जीएसटीतून तेवढी वजावट) घेतलं असेल आणि १८० दिवसांत तुम्हाला पैसे दिले नसतील, तर ते क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. मी अशा वेळी थेट त्यांच्या अकाउंट्स खात्याला साधा ईमेल टाकायला सांगतो. खरेदी विभाग ऐकत नाही, अकाउंट्सवाला ऐकतो.

तिसरं रंधांसाठी. ते ९ लाख ९० हजार कसे आले? रोख किती?

रंधा_आणि_मी | ११ नोव्हेंबर, रात्री ८.३०

अडीच लाख रोख. साहेब म्हणाले जीएसटी वाचेल. एकाच दिवशी दिले होते.

टीडीएस_मास्तर | ११ नोव्हेंबर, रात्री ८.४४

अरे देवा. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम २६९एसटी. एका दिवसात एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि दंड घेणाऱ्याला, घेतलेल्या रकमेइतकाच. देणारा नामानिराळा. कोर्टात हिशोब मांडाल तेव्हा हे बाहेर येणार. आधी कुणाकडे तरी कागद घेऊन बसा, मग नोटीस पाठवा. इथे यापुढे आकडे लिहू नका.

कडक_चहा | ११ नोव्हेंबर, रात्री ८.४६

साहेबांचा जीएसटी वाचला, रंधाचं बाकी सगळं गेलं.

वकीलकाकू | ११ नोव्हेंबर, रात्री १०.०५

मास्तरांशी सहमत. आणि म्हणूनच सांगते, वकिलाकडे जाताना गोष्ट पूर्ण सांगा. समोरचा वकील ती सांगणारच असतो.

आता परवडण्याचं. नोटिशीला काही हजार लागतात आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. दाव्याला कोर्ट फी रकमेनुसार, वकिलाची फी वेगळी. लेखी करारावरच्या ठरलेल्या रकमेसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खाली समरी सूट (झटपट चालणारा दावा) लावता येते. त्यात प्रतिवादीने समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजर व्हायचं आणि बचाव करायला कोर्टाची परवानगी मागायची. एक्स्ट्रा कामाची रक्कम मात्र त्यात बसवणं कठीण, कारण ती ठरलेलीच नाही.

वाद व्यापारी स्वरूपाचा ठरला आणि ३ लाख किंवा त्याहून वर असला तर तो व्यावसायिक न्यायालयात जातो, आणि तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. घराचं इंटिरिअर त्यात बसतं का यावर दोन वकील दोन तास भांडतील. तुम्ही त्यात पडू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज द्या. फी नाही. समोरच्याला बोलावतात. आला तर लोकअदालतीत तडजोड होते, तिला कोर्टाच्या हुकुमनाम्याचं बळ असतं आणि वर अपील नसतं. न आला तर तुमचे दोन-तीन खेटे गेले इतकंच. १५१०० ही त्यांची हेल्पलाइन.

फेव्हिकॉलचा_डबा | ११ नोव्हेंबर, रात्री १०.२०

काकू, फुकट वकील मिळतो म्हणतात तो कुणाला? माझी फर्म बायकोच्या नावावर आहे.

वकीलकाकू | ११ नोव्हेंबर, रात्री १०.३१

स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही, अनुसूचित जाती-जमातींना नाही, कामगारांना नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा. पण फर्म बायकोच्या नावावर असेल तर वादीही बायकोच, आणि पिंजऱ्यात उभं राहून "१८ एमएमचा प्लाय की १९ चा" याचं उत्तरही तिलाच द्यावं लागेल.

आणि भागीदारी असेल तर फर्मची नोंदणी करून घ्या. नोंदणी नसलेल्या भागीदारी फर्मला कराराच्या पैशासाठी दावाच लावता येत नाही, भागीदारी अधिनियमाचं कलम ६९. माझ्याकडे भावाभावांच्या अशा फर्म येतात, सगळं असतं, हे एक नसतं.

फेव्हिकॉलचा_डबा | ११ नोव्हेंबर, रात्री १०.३४

बायकोला १८ एमएम माहीत आहे. मला विचारू नये म्हणजे झालं.

ऑस्टिनकर | १२ नोव्हेंबर, पहाटे ४.५०

इकडे टेक्सासमध्ये मेकॅनिक्स लीन म्हणतात तसं काही तिकडे नाही का? कंत्राटदाराचे पैसे थकले तर तो काउंटीच्या दप्तरात त्या घरावरच बोजा नोंदवतो. मग मालकाला घर विकताना, कर्ज फिरवताना आधी कंत्राटदाराला मिटवावं लागतं. माझ्या छपराचं काम झालं तेव्हा मी घाबरून आधी "लीन सोडला" असा कागद घेतला, मगच शेवटचा चेक दिला.

वकीलकाकू | १२ नोव्हेंबर, सकाळी ७.५५

नाही. आपल्याकडे कंत्राटदाराचा घरावर असा बोजा चढत नाही. पण एक छोटी गोष्ट आहे, सुतारांच्या कामाची. कुणी वस्तू तुमच्याकडे दिली आणि तुम्ही तिच्यावर कारागिरी केली, तर मजुरी मिळेपर्यंत ती ताब्यात ठेवता येते. करार अधिनियमाचं कलम १७०. म्हणजे सोफा पॉलिशला तुमच्या वर्कशॉपमध्ये आलाय तोवर तुमचं पारडं जड. एकदा तो हॉलमध्ये गेला की हक्क गेला, आणि आणायला गेलात तर गवंडींची गोष्ट.

गवंडी_नंबर_एक | १२ नोव्हेंबर, सकाळी ८.०१

माझ्या ट्रॉल्या आता कायद्याच्या पुस्तकात जाणार वाटतं.

अक्षरवेल | १२ नोव्हेंबर, सकाळी ११.२०

मी फर्निचरवाली नाही, ब्रोशर आणि पॅकेजिंग डिझाइन करते. पण पैसे आमचेही तसेच अडकतात, म्हणून अनुभव लिहिते.

एका कंपनीकडे १ लाख १० हजार अकरा महिने अडकले. माझी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) होती. एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे करारात ठरलेल्या दिवशी, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. समाधान या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. तिथून ती सुविधा परिषदेकडे जाते. आधी समेट, नाही जमला तर लवाद.

कागदावर ९० दिवस. माझी परिषदेपुढे पहिली तारीखच आठ महिन्यांनी लागली. पण त्याआधीच कंपनीने मुद्दल दिलं, कारण त्यांच्या ऑडिटरने विचारलं की हे देणं थकलंय, यावर कर वजावट कशी घेताय. २०२३ च्या अर्थसंकल्पात आलेलं आयकराचं कलम ४३बी(एच), मास्तर सांगतील. व्याज मी सोडून दिलं. चुकलं का कुणास ठाऊक, पण तोच क्लायंट आता ऍडव्हान्स देतो.

टीडीएस_मास्तर | १२ नोव्हेंबर, सकाळी ११.४५

अगदी बरोबर. मुदतीत दिलं नाही तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी धरला जातो. मार्च जवळ आला की कंपन्यांना अचानक तुमचा नंबर आठवतो तो त्यामुळे.

वकीलकाकू | १२ नोव्हेंबर, दुपारी २.१०

अक्षरवेल, छान लिहिलंत. फक्त बांधकामवाल्यांनी लगेच हुरळून जाऊ नये. माल आणि मजुरी एकत्र असलेलं वर्क्स काँट्रॅक्ट या कायद्यात बसत नाही असं मुंबई उच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत म्हटलंय. नुसता माल पुरवणारा किंवा नुसती सेवा देणारा असेल तर मार्ग मोकळा. दुसरं, उद्यम नोंदणी काम घेण्याआधी हवी असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ आणि २०२२ मध्ये सांगितलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये तो मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे गेला. निकालाची वाट बघत बसण्यापेक्षा आजच नोंदणी करा, ती फुकट आहे. पैसे मागणाऱ्या वेबसाइट बनावट.

संत्र्याची_फोड | १२ नोव्हेंबर, रात्री ९.३०

तुमचा क्लायंट निदान फोन बंद करतो. माझा क्लायंट महाराष्ट्र शासन, त्याचा फोन टेबलावर वाजत असतो आणि सगळे एकमेकांकडे बघतात.

रस्ते आणि पाणीयोजना करतो. काम झालं, एमबी (कामाच्या मोजमापांची सरकारी वही) भरली, उपअभियंत्याने तपासली, बिल मंजूर, आणि पुढे? "निधी नाही." जलजीवनच्या (घरोघरी नळाने पाणी) कामांचं तर विचारूच नका. बँकेचं व्याज मात्र निधीची वाट बघत नाही. शिवाय एकदा वाद घातला की पुढच्या निविदेला सगळे तुमच्या कागदात चुका शोधतात, म्हणून जो तो गप्प.

नवीन पोरांना दोन गोष्टी. एमबीच्या नोंदींची प्रत माहिती अधिकारात काढून ठेवा, १० रुपयांचा अर्ज, ३० दिवस. पानं "सापडत नाहीत" होण्याच्या आत. आणि शासनावर दावा लावायचा तर आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस, हे विसरून थेट दावा लावलेला एकजण माझ्या डोळ्यांदेखत परत आलाय. बिल मान्य असूनही देत नसतील तर उच्च न्यायालयात रिट करता येते, पण मोजमापाबद्दल जरा वाद दिसला की "दिवाणी न्यायालयात जा" म्हणतात.

मोजमाप | १२ नोव्हेंबर, रात्री ९.५०

एमबीचं काय सुरेख सांगितलंत. खाजगी कामातही मी हेच सांगतो. साधी शंभर पानी वही घ्या, साइटवर ठेवा. जे एक्स्ट्रा सांगितलं ते तारीख घालून लिहा, शेजारी अंदाजे रक्कम, आणि सांगणाऱ्याची सही. सही करताना माणूस दोनदा विचार करतो. निम्मं एक्स्ट्रा काम तिथेच रद्द होतं, आणि तेच बरं.

मी_पण_क्लायंट | १३ नोव्हेंबर, सकाळी ९.१५

चर्चा फार छान चालली आहे, पण माझा १० तारखेचा प्रश्न तसाच राहिलाय. रंधा, त्या साहेबांचं म्हणणं काय आहे?

रंधा_आणि_मी | १४ नोव्हेंबर, रात्री ११.३०

ताई, तुमचा प्रश्न चार दिवस डोक्यात आहे.

खरं सांगतो. कोटेशनमध्ये सगळीकडे बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) प्लाय लिहिला होता. किचन आणि बाथरूमच्या व्हॅनिटीला तोच लावला. बेडरूमच्या कपाटांना मधल्या दोन महिन्यांत एमआर ग्रेडचा (नुसता दमटपणा सोसणारा, स्वस्त) लावला. तेव्हा हप्ता थकला होता, दुकानदार उधार देत नव्हता. वाटलं, बेडरूममध्ये पाणी कुठून येणार. साहेबांच्या मेहुण्याने कपाटाच्या मागे शिक्का बघितला. आणि काम सात आठवडे उशिरा झालं, त्यांना भाड्याच्या घराचं दोन महिन्यांचं भाडं जास्त पडलं. हे त्यांचं म्हणणं.

पण चार लाखांचा प्लाय नव्हता तो. चेक आज टाकला.

गवंडी_नंबर_एक | १४ नोव्हेंबर, रात्री ११.४१

हात्तिच्या.

मी_पण_क्लायंट | १५ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

हे लिहिलंत याबद्दल मनापासून मान. खोचकपणे म्हणत नाहीये. आमचा कंत्राटदार एवढं बोलला असता तर आयोगापर्यंत गेलोच नसतो.

मोजमाप | १५ नोव्हेंबर, सकाळी ९.२०

कपाटांची मापं मला मेसेजमध्ये पाठवा. दोन ग्रेडमधल्या दराचा फरक गुणिले शीट, एवढं काढून देतो. आकडा तुमच्या हातात आधी असू द्या. तो त्यांनी काढला तर तिप्पट निघेल.

वकीलकाकू | १५ नोव्हेंबर, रात्री ९.००

आणि नोटिशीत तो फरक स्वतःहून वजा करून उरलेली रक्कम मागा. त्यांनी ग्राहक आयोगात जाऊन हेच मांडण्याआधी तुम्ही मांडलेलं बरं. उशिराचं भाडं त्यांना मागता येतं, पण थकलेला हप्ता कोणत्या तारखेचा होता तेही दाखवा.

रंधा_आणि_मी | १८ जानेवारी, रात्री १०.१०

धागा वर काढतोय, उशिरा लिहितोय म्हणून क्षमा.

चेक १७ नोव्हेंबरला परत आला. साहेबांनी पेमेंट थांबवलं होतं. काकूंनी सांगितल्याप्रमाणे जवळच्या एका वकिलांकडून २४ तारखेला नोटीस गेली. (पोस्टात गंमत झाली, मी "रजिस्टर पोस्ट" मागतोय आणि काउंटरवरचा माणूस म्हणतोय ते आता स्पीड पोस्टातच आलं.) नोटिशीत प्लायचा फरक ३८ हजार आम्हीच वजा केला होता. मास्तरांच्या सांगण्यावरून आधी माझ्या सीएकडे बसलो, त्याचं इथे लिहीत नाही.

नवव्या दिवशी साहेबांचा स्वतःहून फोन. दीड लाख थेट खात्यावर आले. उरलेल्यासाठी विधी सेवा प्राधिकरणात अर्ज देणार होतो, पण ते म्हणाले बसून बोलू. वकिलांच्या ऑफिसात दोन तास बसलो. वहिनी पण होत्या. त्यांनी "कपाट वरपर्यंत मीच सांगितलं होतं" म्हणून सरळ कबूल केलं, तिथे निम्मं मिटलं. प्लाय, भाडं, थोडी घासाघीस करून १ लाख ७५ हजारांवर आलो. ९० लगेच मिळाले, ८५ फेब्रुवारी अखेर. म्हणजे ४ लाख ३६ पैकी ३ लाख २५.

सुतारांचे २२ हजार त्याच संध्याकाळी दिले, मुकादमभाऊ.

बिगारी_ते_मुकादम | १८ जानेवारी, रात्री १०.२५

हे वाचून जेवण गोड लागलं.

फेव्हिकॉलचा_डबा | १८ जानेवारी, रात्री १०.४०

सोनं सोडवलं का?

रंधा_आणि_मी | १८ जानेवारी, रात्री १०.४२

८५ आले की.

मोजमाप | ५ मार्च, सकाळी ९.३०

रंधा, फेब्रुवारी संपला. ८५ आले?

रंधा_आणि_मी | ५ मार्च, रात्री ९.१५

४० आले. ४५ राहिले. "या महिन्यात बघतो" म्हणाले.

वकीलकाकू | ५ मार्च, रात्री ९.२२

तडजोडीच्या कागदावर दोघांच्या सह्या आहेत ना? आणि हे "बघतो" लिहून दिलंय की फोनवर?

रंधा_आणि_मी | ५ मार्च, रात्री ९.२५

कागदावर सह्या आहेत. बघतो फोनवर.

कडक_चहा | ५ मार्च, रात्री ९.२६

आता फोन ठेव आणि तेच मेसेज करून विचार, बाबा. आणि वास्तुशांतीला परत बोलावलं तर जाऊ नकोस.

रंधा_आणि_मी | ५ मार्च, रात्री ९.३१

मुलीच्या वाढदिवसाला बोलावलंय रविवारी. स्टडी टेबलचं माप पण घ्यायला सांगितलंय.